स्तामेनला पेन्शन पुरते

दहा तारखेला पोस्टाच्या खिडकीपाशी स्तामेनच्या तोंडून दोन शब्द निघाले, आणि पुढचा महिनाभर त्या दोन शब्दांनी त्याला खाली बसू दिलं नाही.

आमच्या रुदिना गावात पेन्शन दहा तारखेला वाटतात. रांग पोस्टाच्या दारातून बाहेर पडून लिंडनच्या झाडापर्यंत जाते, आणि त्या रांगेची एक शिस्त आहे. दाराबाहेर असताना औषधांच्या किमतींबद्दल बोलायचं, उंबरठ्यावर आलं की हिवाळ्याच्या लाकडांबद्दल, आत शिरलं की शहरात गेलेल्या मुलांबद्दल, आणि अगदी खिडकीजवळ पोचलं की सुनांबद्दल. ही शिस्त स्तामेनला ठाऊक नव्हती. त्याला निवृत्त होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. सत्तावीस वर्षं खाणीत, जमिनीखाली काम केल्यामुळे कायद्याने त्याला त्रेपन्नाव्या वर्षीच मोकळं केलं होतं. त्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या रांगेत तो आजीची पेन्शन न्यायला आलेल्या नातवासारखा दिसायचा, आणि त्यासाठी लोक त्याच्यावर आधीच थोडे रागावलेले होते.

खिडकीतल्या फिल्काने शिक्का उचलला आणि सवयीने विचारलं, "काय स्तामेनदादा, पुरते का एवढ्यात?"

हा काही प्रश्न नव्हता. यावर "कसली पुरते!" म्हणायचं, फिल्काने "खरंय बाई" म्हणायचं, आणि शिक्का मारायचा, असं ते ठरलेलं होतं. पण त्या सकाळी स्तामेनच्या कोंबड्यांनी तीन अंडी दिली होती, वेलीवरची द्राक्षं पिकत आली होती, आणि रांगेत उभं असताना तासभर त्याच्या पाठीवर छान ऊन पडलं होतं.

"पुरते की," तो म्हणाला.

शिक्का हवेतच थांबला. मागे निकोला म्हातारा आपल्या पायाच्या सुजलेल्या अंगठ्याची हकीगत सांगत होता, तो अंगठ्यावरच थबकला.

"काय म्हणालात?" फिल्काने विचारलं.

"पुरते म्हटलं. आम्ही दोघंच तर आहोत. कोंबड्या आहेत, बाग आहे. पुरते." आणि वर तो हसला. रुदिनातले लोक पुढे सांगत, की बोलला ते एक वेळ सोडून दिलं असतं, पण तो हसला.

वाटेत पाव घ्यायला तो पाच मिनिटं थांबला असेल. तेवढ्यात बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. बायको नेदा फाटकापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय बोलून आलास तू पोस्टात?"

"काय बोललो? पेन्शन पुरते म्हणालो."

नेदाने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, माझी आई एकोणतीस वर्षं पेन्शन घेत होती. मरायच्या आदल्या दिवशी डॉक्टरने विचारलं, कसं वाटतंय? तर म्हणाली, पुरत नाही. आणि तू सहा महिन्यांत..."

"पण पुरते ना आपल्याला?"

"पुरते रे! पण ते आपल्या स्वयंपाकघरात!"

स्तामेनला यात काय बिघडलं ते कळेना. तो घराच्या दक्षिणेच्या भिंतीपाशी गेला, खुर्चीत बसला आणि डोळे मिटले. निवृत्तीचा त्याचा सगळा बेत एवढाच होता. सत्तावीस हिवाळे तो अंधारात खाली उतरला होता आणि अंधार पडल्यावर वर आला होता. सूर्य दिसायचा रविवारी, आणि रविवारी ढग असले की पुढच्या रविवारी. म्हणून त्याने ठरवलं होतं, साठाव्या वर्षापर्यंत या भिंतीपाशी बसायचं, पुढचं साठाव्या वर्षी बघू. त्यासाठी पैसे फारसे लागत नव्हते. एक खुर्ची लागत होती, आणि ती त्याच्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुर्चीत चुलतभाऊ पानायोत बसला होता. पानायोत शेजारच्या गावचा. आठ वर्षांत आला नव्हता.

"भावा," तो स्तामेनला मिठी मारत म्हणाला, "रक्ताचं नातं ते रक्ताचं नातं. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेलाय माझा."

"अरेरे," स्तामेन म्हणाला.

"नुसतं अरेरे नको म्हणूस. तुला पुरते असं ऐकलं."

"पुरते म्हणजे जेवढ्यास तेवढी पुरते, पानायोत."

"तेच तर! आमची जेवढ्यासही पुरत नाही. म्हणजे तुझ्याकडे काहीतरी जास्त आहे, हे तूच कबूल करतोयस." एवढं बोलून पानायोतने नेदाने भट्टीत भाजलेला चीजचा बनित्सा सगळा संपवला, जेवायला थांबला, आणि संध्याकाळी जाताना म्हणाला, "विचार कर. मी गुरुवारी येतो."

तो गुरुवारी आला. पुढे रविवारीही आला. गिअरबॉक्सचे पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर निदान जेवण तरी वसूल करावं, असा त्याचा हिशेब असावा.

यापेक्षा वेगळी अडचण शेजारच्या गेचोने केली. गेचोकडे जमिनीतला धातू शोधायचं एक यंत्र होतं. आमच्याकडे दर चौथ्या माणसाचा असा विश्वास असतो की जुन्या राजांचं सोनं त्याच्याच शिवारात पुरलेलं आहे, आणि उरलेल्या तिघांचा असा, की ते चौथ्याला सापडलंय. गेचोने दोन दिवस डोकं चालवलं. माणूस सत्तावीस वर्षं जमिनीखाली होता. वर आल्यावर म्हणतो, पुरते. मग पुरणारच.

"स्तामेन, बटाटे काढायचे राहिलेत तुझे," गेचो कुंपणावरून म्हणाला. "तू बस, आराम कर. मी काढून देतो."

"अरे कशाला?"

"शेजारी कशासाठी असतात?"

स्तामेनला गहिवरून आलं. तो खुर्चीत जाऊन बसला. बटाटे दुपारपर्यंत निघाले. नंतर गेचोने कांद्याचा वाफा खणला, त्यात कांदे नव्हते. नंतर त्याने द्राक्षाच्या मांडवाखाली कंबरभर खड्डा केला.

"तिथं बटाटे नाहीत रे गेचो!"

"कोण जाणे," खड्ड्यातून गेचोचा आवाज आला. "मुळं लांबवर जातात."

मग यंत्र खड्ड्यात कुईकुई वाजायला लागलं. गेचोला नेदाच्या आजीच्या काळचं एक वरवंट्याएवढं कुलूप सापडलं. त्याने ते बारकाईने पाहिलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "याची किल्ली कुठाय?"

अशा अवस्थेत बाग असताना जिल्ह्याच्या पेन्शन कचेरीतून एक साहेब आले. निनावी पत्र गेलं होतं: अमुक इसम पेन्शन पुरते असं उघडपणे सांगतो, तरी त्याचा काही छुपा धंदा आहे का ते पाहावं. साहेब बारीक, घामाघूम, पायात शहरी बूट. ते फाटकातून आत आले आणि पहिल्याच खड्ड्याच्या काठावर थबकले.

"हे काय बांधताय तुम्ही?"

"काही नाही बांधत."

"मग इतकं खणलंय कुणी?"

"शेजाऱ्याने."

"मजुरीवर?"

"नाही हो. प्रेमाने."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग खुर्चीत बसून त्यांनी कोंबड्या मोजल्या. मोजताना एक कोंबडी दोनदा त्यांच्या समोरून गेली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. "आणि ही अंडी?"

"खातो आम्ही."

"सगळी?"

"पानायोत असला की सगळी."

"पानायोत म्हणजे कोण? भागीदार?"

तीन तास ही चौकशी चालली. साहेब माणूस वाईट नव्हते. जाताना ते दमल्या आवाजात म्हणाले, "माझ्या नोकरीत मी एकवीस वर्षं लोकांना विचारतोय, पुरते का. 'हो' म्हटल्यावर कुठला फॉर्म भरायचा, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही." नेदाने त्यांना द्राक्षांचा घोस बांधून दिला. साहेबांनी तो गाडीत ठेवला, आणि हे अख्ख्या गल्लीने पाहिलं.

संध्याकाळपर्यंत निष्कर्ष निघाला होता. सरकारी गाडी स्तामेनच्या दारात तीन तास उभी होती, साहेब हसत गेले, फळं घेऊन गेले. म्हणजे स्तामेन सरकारचा माणूस. आता मंत्री त्याचा फोटो छापणार, खाली लिहिणार 'याला पुरते, तुम्हाला का नाही?', आणि सगळ्यांची पेन्शनवाढ अडकणार. निकोला म्हातारा बेकरीत म्हणाला, "खालून कोळसा काढायचा, आणि वर येऊन आमच्या पायाखालची जमीन!" वाक्य नीट जुळलं नव्हतं, पण लोकांना भिडलं.

दुसऱ्या दिवसापासून स्तामेन बेकरीत शिरला की आतलं बोलणं थांबायचं. हे त्याला चाललं असतं. सत्तावीस वर्षं त्याने शांतताच मागितली होती. पण सप्टेंबर संपत आला होता.

सप्टेंबरच्या शेवटी आमच्या गल्ल्यांमध्ये बायका मोठ्या, गोड लाल मिरच्या भाजतात. कुणाच्या तरी अंगणात दोन-तीन भट्ट्या मांडतात, पोत्यांनी मिरच्या येतात, आणि दिवसभर सोलणं, हसणं, गावातल्या प्रत्येकाला नीट सोलून ठेवणं चालतं. वर्षभराच्या चटणीच्या बरण्या त्यातून निघतात. नेदा तीस वर्षं त्या घोळक्यात होती. या वर्षी धूर दिसला, वास आला, हसणं ऐकू आलं. पण तिला हाक आली नाही.

तिने आपल्या अंगणात, दोन खड्ड्यांच्या मधल्या जागेत, एकटीने भट्टी पेटवली. स्तामेन जवळ गेला.

"मी सोलू लागू?"

"नको."

"धूर गेलाय तुझ्या डोळ्यांत."

"धूर नाहीये तो," नेदा म्हणाली, आणि मिरची उलटी केली.

त्या दिवशी स्तामेन खुर्चीत बसला नाही. खुर्ची रिकामी होती, ऊनही होतं. तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन उभा राहिला, आणि खाणीत पाणी शिरलं तेव्हासुद्धा आपण इतके थकलो नव्हतो, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्सोनाबाई आल्या. त्सोनाबाई प्राथमिक शाळेच्या मास्तरीण, आता एकोणऐंशी वर्षांच्या, आणि पेन्शनर मंडळाच्या अध्यक्षा. रुदिनातल्या साठीच्या आतल्या प्रत्येकाचा कान त्यांनी कधी ना कधी पिळलेला होता, त्यामुळे अख्खं गाव त्यांना बाईच म्हणायचं. त्या काठी टेकत खड्डे चुकवत आल्या आणि खुर्चीत बसल्या. स्तामेन समोर उभा राहिला. हात आपोआप पाठीमागे गेले.

"अरे स्तामेन, तिसरीत असताना तू खिडकी फोडलीस, आणि मी विचारल्यावर लगेच 'मी फोडली' म्हणालास. आठवतं?"

"हो बाई."

"तेव्हाच मला वाटलं होतं, याचं पुढे कठीण आहे." त्यांनी काठी आडवी ठेवली. "ऐक. 'पुरते' म्हटलं की लोकांना 'उरते' ऐकू येतं. आणि 'उरते' ऐकू आलं की हात पुढे येतात. तुझा पानायोत येतो. माझा मुलगा येतो. तो तिकडे राजधानीत, सोफियात बसून दर महिन्याला विचारतो, आई, घर विकून टाकू का, तुला काय करायचंय एवढं? मी म्हणते, बाळा, माझी पेन्शन पुरत नाही, तूच काहीतरी पाठव. मग तो सहा महिने फोन करत नाही. त्या सहा महिन्यांत मी माझ्या घरात राहते. कळलं?"

"म्हणजे मी खोटं बोलायचं?"

"खोटं कुठं? कुरकुरायचं. कुरकुरणं म्हणजे खोटं नव्हे. चल, म्हणून दाखव. फिल्का विचारते, पुरते का?"

"नाही पुरत," स्तामेन म्हणाला.

"बस स्टॉपवर वेळ सांगतोस का? आधी उसासा. छातीतून नको, पोटातून. खांदे पाड. दोन्ही! एक खांदा पाडून कोण कुरकुरतं? मग थोडा वेळ गप्प राहायचं, म्हणजे समोरच्याला वाटतं, हा सांगतोय त्याच्यापेक्षा जास्त आहे."

स्तामेनने उसासा टाकला. कोंबड्या दचकून पळाल्या.

"दहापैकी दोन," बाई म्हणाल्या. "नेदा, अगं तू तरी शिकव याला. तुझी आई काय कण्हायची! मी दारात उभी राहून ऐकायचे."

नेदा भट्टीपाशीच उभी होती. तिने मान खाली घातली आणि असा एक उसासा सोडला, की स्तामेनच्या अंगावर काटा आला. त्या उसाशात छप्पर गळत होतं, दात दुखत होता आणि मुलीचं पत्र आलेलं नव्हतं.

"हे तुला येत होतं?" त्याने विचारलं.

"तुझ्यापुढे कधी गरज पडली नाही," नेदा म्हणाली.

पुढचे दहा दिवस रोज सकाळी सराव झाला. लाकडांचा भाव, गुडघा, छप्पर, हा क्रम बाईंनी ठरवून दिला. स्तामेन मन लावून शिकला, पण त्याला ते जमत नव्हतं. लाकडांपाशी आला की त्याला आठवायचं की लाकडं भरून झाली आहेत, आणि चेहऱ्यावर समाधान पसरायचं.

दहा ऑक्टोबर उजाडला. लिंडनच्या झाडापासून खिडकीपर्यंत सगळी रांग त्याच्याकडे पाठ करून उभी होती. बाई दाराशी बाकावर बसल्या होत्या. तो खिडकीजवळ पोचला. फिल्काने काही विचारलं नाही, नुसता शिक्का उचलला. तेव्हा त्याने आपणहून घसा साफ केला, दोन्ही खांदे पाडले आणि म्हणाला, "लाकडं महागली."

कुणी वळलं नाही.

"गुडघा दुखतो," स्तामेन म्हणाला. "छप्परही आहे."

"तुला काय रे," मागून निकोला म्हातारा म्हणाला. "तू तर मजेत आहेस. ऊन खात बसतोस."

आणि इथे काय झालं ते स्तामेनला पुढेही नीट सांगता आलं नाही. तो वळला.

"मजेत?" तो म्हणाला. "निकोलाकाका, सत्तावीस वर्षं मी ऊन उधारीवर ठेवलं होतं! सकाळी उठलो की अजून काळं थुंकतो. दिमो आणि मी एकोणीस वर्षं शेजारी-शेजारी खणलं. दोन खुर्च्या मांडायच्या ठरल्या होत्या आमच्या. दोन! त्याला निवृत्त व्हायला चार महिने होते, आणि गेला. छातीच भरली, दुसरं काही नाही. म्हणून मी एकच खुर्ची मांडली. आणि त्या एका खुर्चीतसुद्धा महिनाभर मला कुणी बसू देत नाही! तिच्यात पानायोत बसतो, साहेब बसतात, बाई बसतात! माझ्या बागेत मला पाय ठेवायला जागा नाही. माझ्या बायकोने तीस वर्षांत पहिल्यांदा एकटीने मिरच्या भाजल्या, आणि मला म्हणते धूर नाहीये, धूर नाहीये..."

त्याचा आवाज चिरकला. तो खिडकीला टेकून उभा राहिला. मग एका म्हातारीने बाहीतून रुमाल काढून त्याच्या हातात दिला. निकोला पुढे आला आणि सुजलेल्या अंगठ्यावर लंगडत त्याच्या पाठीवर थापटायला लागला. "अरे, पोरा, पोरा," तो म्हणत होता. "पुरत नाही रे. कुणालाच पुरत नाही."

"बिचारा," रांगेतून ऐकू आलं. "काय हालत झालीय. आणि आपण काय समजत होतो!"

स्तामेन पैशाबद्दल एक अक्षरही बोलला नव्हता. पण फिल्काने डोळे पुसत शिक्का मारला तेव्हा रुदिनाचा त्याच्याबद्दलचा निकाल फिरलेला होता.

बाहेर बाई काठी टेकत त्याच्यासोबत चालू लागल्या. लिंडनच्या झाडापाशी थांबल्या. "दिमोही माझ्याच वर्गातला," त्या म्हणाल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "दहापैकी साडेनऊ. छप्पर घाईत उरकलंस."

त्यानंतर सगळं भराभर सुरळीत झालं. दुपारी गल्लीतल्या चार बायका चटणीच्या बरण्या घेऊन नेदाकडे आल्या आणि अंधार पडायच्या आत त्यांनी राहिलेल्या मिरच्या सोलून दिल्या. सोलताना नेदाच्या हसण्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. गेचोने खड्डे बुजवले. सोनं असतं तर माणूस पोस्टात असा रडला नसता, हे त्याला पटलं होतं. पानायोतने एक भला मोठा भोपळा पाठवला, पण स्वतः आला नाही. गरीब नातेवाईक कधी काय मागतील, याचा भरवसा नसतो.

स्तामेनला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सोमवारी सकाळी पेन्शनर मंडळाचं बोलावणं आलं.

मंडळ वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत भरतं. अठरा जण लांब टेबलाभोवती बसले होते, सगळ्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे. त्सोनाबाई उठल्या.

"अकरा वर्षं मी या गावासाठी कण्हतेय," त्या म्हणाल्या. "जिल्ह्यात कण्हले, सोफियात जाऊन कण्हले. घसा गेला माझा. मी दमले. आता मला सोडा. परवा पोस्टात तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. मी स्तामेनचं नाव सुचवते."

"बाई!" स्तामेन उभा राहिला. "मला नको. मला फक्त..."

"बघा," निकोला म्हणाला, "'नको' सुद्धा किती रडवेलं म्हणतो!"

अठरा हात वर गेले. स्तामेनच्या पुढ्यात एक जाड वही, एक शिक्का आणि खोलीची किल्ली येऊन पडली. बैठक दर सोमवारी आणि गुरुवारी. महिन्यातून एकदा जिल्ह्याला, बसने. तो मटकन खाली बसला. साठाव्या वर्षापर्यंतचे सगळे सोमवार आणि गुरुवार त्याच्या डोळ्यांसमोरून गेले.

"ठराव," बाई हळूच म्हणाल्या. "तू वाचायचा."

त्याने वही उघडली. मागच्या पानावर होता तोच ठराव होता. त्याच्या मागच्या पानावरही तोच. "पेन्शन पुरत नाही," स्तामेनने मरगळल्या आवाजात वाचलं. हात वर गेले. एकमताने मंजूर. त्याने शिक्का मारला.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता दार लाव."

त्याने दार लावलं. वळून बघतो तर निकोला म्हातारा सुजलेल्या अंगठ्यासकट टेबलाखाली शिरला होता आणि विशीतल्या गड्यासारखा एका हाताने वाईनचा बुधला वर काढत होता. पिशव्यांतून पांढरं चीज निघालं, टोमॅटो निघाले, लसूण घातलेल्या भाजक्या मिरच्या, अर्धी कोंबडी. कुणीतरी फाशांचा पट उघडला. पोस्टात जिने रुमाल दिला होता ती म्हातारी एका विनोदावर इतकी हसली, की तिची कवळी सांभाळावी लागली.

स्तामेन किल्ली हातात धरून उभाच होता. "बाई," त्याने विचारलं, "यांना... यांना पुरते?"

"मला पुरते," बाई चीज कापत म्हणाल्या. "निकोलाला पुरते. त्या टोकाच्या पेत्कानाला तर नातवांना देऊन पुरते. एकट्या मितोला पुरत नाही, म्हणून त्याच्या घरी आम्ही पाळीपाळीने डबा देतो."

"मग महिनाभर माझा जीव का काढलात तुम्ही सगळ्यांनी?"

"कारण तू मोठ्याने बोललास," निकोला तोंडात मिरची कोंबत म्हणाला. "आता बस. उभा काय राहिलास? ती खिडकीजवळची जागा घे. अध्यक्षांची आहे. तिथं ऊन येतं साडेअकरापर्यंत."

स्तामेन बसला. कुणीतरी त्याच्या हातात ग्लास दिला. त्याने कोट काढला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि निकोलाने फासे टाकताना लबाडी केली ती त्याच्या लक्षात आली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"मी आहे, नगराध्यक्ष!" बाहेरून आवाज आला. "दोनच मिनिटं! वाचनालयाच्या छपराबद्दल जरा बोलायचं होतं मंडळाशी."

इतक्या म्हाताऱ्या माणसांना इतक्या चपळाईने हलताना स्तामेनने कधी पाहिलं नव्हतं. बुधला टेबलाखाली, कोंबडी पिशवीत, पट सतरंजीखाली. पेत्कानाने शाल डोक्यावरून घेतली. निकोलाने पाय खुर्चीवर लांब करून अंगठा सर्वांना दिसेल असा ठेवला. मग सगळे स्तामेनकडे बघू लागले.

त्याने तोंडातला घास घाईने गिळला, ओठ पुसले आणि दार वीतभर उघडलं. बाहेर नगराध्यक्ष हसतमुखाने उभे होते. त्यांच्या हातात वर्गणीचं नवं कोरं पावतीपुस्तक होतं, पेन्सिल कानावर.

"नमस्कार, अध्यक्षसाहेब! अभिनंदन! काय, सगळं ठीक ना मंडळात?"

स्तामेनने एक हात चौकटीवर टेकवला. दोन्ही खांदे पाडले. मग पोटाच्या तळातून, खाणीच्या सगळ्यात खालच्या थराइतक्या खोलातून, एक उसासा वर आणला आणि थोडा वेळ गप्प राहिला.

"ठीक कसलं, साहेब," तो म्हणाला.

त्याच्या मागे अठरा घशांतून एकदम खोकला उठला. नगराध्यक्षांनी हातातलं पावतीपुस्तक हळूच पाठीमागे नेलं.